लेखकाच्या बायकोचा सिनेमा

त्या सिनेमाचं नाव मी इथे लिहिणार नाही. फुकटात जाहिरात करण्याइतकी मी उदार नाही, आणि त्याला आता जाहिरातीची गरजही राहिलेली नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या नातवाने तो घरच्या टीव्हीवर लावला. नातू मिहानमध्ये, विमानतळाकडच्या नव्या कंपन्यांच्या वसाहतीत, नोकरीला आहे. दिवसभर परदेशातल्या लोकांच्या तक्रारी ऐकून घेतो, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी त्याला काहीतरी हलकंफुलकं लागतं. आजी, तुझ्या काळातला आहे, बघ किती गोड आहे, असं म्हणून त्याने माझ्या पाठीशी उशी लावून दिली. पहिल्या दोनच मिनिटांत डोंगरातला बंगला, दोन पायांत दोन रंगांचे मोजे घातलेला लेखक आणि खिडकीतून आत डोकावणारी बकरी दिसली, आणि मी उठून सरळ गॅलरीत गेले. वाळलेले कपडे काढले, घड्या घातल्या. मग वाटलं, आपण आयुष्यभर शाळेत शिकवलं, एकदा वाचून पेपर बाजूला टाकणाऱ्या मास्तरणींना नावं ठेवली, तेव्हा न्याय म्हणून हाही पुन्हा एकदा पाहावा. पाहिला, अगदी शेवटपर्यंत. पहिल्या वेळेपेक्षा वाईट निघाला.

गोष्ट अशी. एक लेखक आहे. लेखक म्हणजे काय, तर केस विस्कटलेले, चष्मा दोऱ्याने बांधलेला, भर उन्हाळ्यात गळ्यात मफलर, आणि बोलायचं ते बकरीशी. तो लिहिताना कधी दिसत नाही, कागद चुरगाळून फेकतो फक्त. साऱ्या सिनेमात त्याने एक ओळ खोडलेली मला दिसली नाही. ज्याने आयुष्यात चार ओळी लिहिल्या आहेत त्याला ठाऊक असतं की कागद असा फेकायला परवडत नाही, ओळ खोडायची आणि त्याच कागदावर पुढे जायचं. त्याची बायको खेड्यातली, जाडजूड, अडाणी. तो तिला आपलं लिहिलेलं वाचून दाखवतो, ती कणीक मळता मळता "बढिया है जी, बढिया है जी" म्हणत राहते आणि शेवटी परातीत तोंड खुपसून झोपी जाते. उठते तेव्हा नाकाला, भुवयांना कणीक. पुढे बकरी हस्तलिखिताचं अखेरचं प्रकरण खाऊन टाकते, प्रकाशक म्हणतो वा, काय सूचक शेवट आहे, आणि लेखक एका दिवसात मोठा होतो. बकरीचं काम चांगलं झालं होतं, हे कबूल करते. साऱ्या सिनेमात खोटं न वागलेली ती एकटीच.

नातू म्हणाला, आजी, कॉमेडी आहे, इतकं काय मनावर घेतेस. लोकांचंही हेच म्हणणं असतं. निर्मळ विनोद, कुणाला दुखावत नाही वगैरे. मी म्हणते, हिशेब करून पाहा. लेखकाला हसतात खरे, पण शेवटी त्याच्या गळ्यात हार पडतो. बकरीलाही टाळ्या पडतात. परातीत तोंड खुपसलेली बाई मात्र शेवटपर्यंत परातीतच राहते, आणि तिच्यासाठी कुणाला वाईट वाटू नये याची पुरती काळजी घेतलेली असते. ज्याने हे लिहिलं त्याच्या घरी कुणी ऐकणारं माणूस नसणार. असतं तर पहिल्याच दिवशी त्या माणसाने त्याला थांबवलं असतं. आमच्या घरी असं माणूस होतं, म्हणून मला हे ठाऊक आहे.

आमचं घर कामठी रोडच्या आतल्या अंगाला, वस्तीत. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे न्हाणी आणि एक पपईचं झाड. आजोबांबरोबर घरादाराने धम्मदीक्षा घेतली तेव्हा बाबा नुकते विशीत आले होते. भिंतीतल्या कोनाड्यातले जुने देव गेले आणि त्या जागी पुस्तकं आली. त्यामुळे पुस्तकाला खरकट्या हाताने शिवायचं नाही, पुस्तकावरून पाय न्यायचा नाही, आणि कुणी वाचत असताना मधून जायचं नाही, हे आम्हाला बोलायला लागायच्या आधी कळलं होतं. बाबा बर्डीच्या बाजारपेठेत एका गल्लीतल्या छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे एकेक उचलून दुसऱ्यांच्या ओळी जुळवायच्या, लग्नपत्रिका, दुकानांच्या पावत्या, कुणाकुणाचे कवितासंग्रह. संध्याकाळी घरी येत तेव्हा बोटांना घासलेटाचा वास असे. दुसऱ्यांचं इतकं जुळवून जुळवून त्यांना स्वतःचंही काही लिहावंसं वाटू लागलं असावं. छापून झालेल्या प्रुफांच्या कोऱ्या पाठी ते घरी आणत आणि त्यांवर बारीक अक्षरात कादंबरी लिहीत. कादंबरी गिरणीच्या चाळीतल्या बायांवर होती.

माय शाळेत गेली नव्हती. सहीच्या जागी अंगठा. पण तिचा कान असा की विहारात भन्तेजींकडून वंदना दोनदा ऐकली आणि पाठ केली, आणि तिसऱ्या खेपेला शेजारणीचे उच्चार सुधारायला लागली. उमरेडकडच्या तिच्या गावी जात्यावर बाया गात, त्यातल्या शेकडो ओव्या तिला येत, आणि एखादीत कुणी पदरचा शब्द घातला की ती लगेच तोंड वाकडं करी. बाबांनी हे लग्नानंतर वर्षभरात ओळखलं असणार, कारण माझ्या आठवणीत तरी आमच्या घरची सकाळ कायम एकाच तऱ्हेने सुरू व्हायची. गिरणीचा पहिला भोंगा झाला की माय चुलीपुढे बसे, ज्वारीच्या पिठात गरम पाणी ओतून भाकरी थापायला घेई, आणि बाबा समोर पाटावर बसून आदल्या दिवशी लिहिलेलं वाचून दाखवत. शेगडीवर अंबाडीची भाजी शिजत असे, तिचा आंबूस वास, बाहेर नळावर बादल्यांची आदळआपट, आणि मधोमध बाबांचा एकसुरी आवाज आणि परातीतली थप थप. बाबा मायच्या तोंडाकडे पाहतच नसत. त्यांचं लक्ष थापण्याच्या आवाजाकडे. आवाज थांबला की ते वाचायचे थांबत.

हात दोन कारणांनी थांबे, म्हणून बाबा विचारत, "चुकलं का लागलं?" माय त्यातला एक शब्द सांगे. लागलं, म्हणजे काळजाला भिडलं, म्हटलं की बाबा पुढे जात, फक्त जरा घसा खाकरत. चुकलं म्हटलं की पेन्सिलीने फुली. मग कारण सांगायची जबाबदारी मायवर. मला एक सकाळ पक्की आठवते. प्रकरण असं होतं की चाळीतल्या एका बाईचं पोर तापाने जातं, आणि बाबांनी लिहिलं होतं की तिच्या डोळ्यांतून अश्रूंचा पूर लोटला. थापणं थांबलं. चुकलं, माय म्हणाली. काहून, म्हणून बाबांनी विचारलं. माय बोटांवरचं पीठ खरवडत म्हणाली, पोर गेलेली बाई आधी चुलीवरचं खाली उतरवते, कारण ते करपत असते, आणि रडणं तर कुठं पळून जात नाही. माझ्याआधी तिचं एक मूल गेलं होतं, हे मला नंतर कळलं. बाबांनी ओळ खोडली आणि चुलीवरचं भांडं लिहिलं. आजही ती कादंबरी कुणी वाचली तर त्या भांड्यापाशी थांबतो. लोकांना वाटतं ते बाबांना सुचलं.

मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या मुलींचे वडील कुणी रेल्वेत, कुणी सचिवालयात. त्यांच्या घरी सकाळी रेडिओ लागायचा. आमच्या घरी भाकरी थापणाऱ्या बाईला कादंबरी वाचून दाखवत, हे मी कुणाला सांगत नसे. लाज वाटत होती असं म्हणायला आज जीभ जड होते, पण खरं तेच आहे.

आणि अशात त्या सिनेमाचं हँडबिल छापायला बाबांच्याच छापखान्यात आलं. थेटरच्या मॅनेजरने मजकूर लिहून पाठवला होता, एका लेखकाच्या संसाराची हृदयस्पर्शी कहाणी, सहकुटुंब सहपरिवार अवश्य पाहा. रिळं अजून गावात यायची होती, तेव्हा मॅनेजरनेही सिनेमा पाहिलेला नव्हता. उचलली जीभ लावली टाळ्याला. बाबांनी तो मजकूर स्वतःच्या हाताने जुळवला, आणि संध्याकाळी एक हँडबिल घडी करून खिशातून घरी आणलं. मायला वाचून दाखवलं. गुलाबी कागदावरच्या त्या दोन ओळी तिने तीनदा वाचून घेतल्या.

"लेखकाची बायको बी दाखवतीन काय?" तिने विचारलं.

संसार म्हटला म्हणजे बायको असणारच, बाबा म्हणाले.

यापुढे जे झालं ते आमच्याच वस्तीत होऊ शकलं असतं. रविवारी विहारात वंदना झाल्यावर मायने बायांना थांबवून सांगितलं की बर्डीवर लेखकाच्या घरचा सिनेमा लागून राहिला आहे आणि आपण सगळ्यांनी जायचं. बायांना बाबांची कादंबरी माहीत होती, कधीमधी विहारात त्यांनी त्यातला एखादा तुकडा वाचला होता. लेखक, पुस्तक, अक्षर या गोष्टींचा आमच्या वस्तीत केवढा मान, हे बाहेरच्यांना समजणार नाही. ज्यांच्या सासूसासऱ्यांना पाटीला हात लावू दिला नव्हता त्यांना तो मान शिकवावा लागत नाही. तेव्हा लेखकावर सिनेमा म्हणजे कार्यक्रमच, आणि कार्यक्रमाला जायचं तर पांढऱ्या साडीत. पुढच्या रविवारी दुपारच्या खेळाला आम्ही निघालो. माय धरून नऊ बाया, सगळ्या स्वच्छ पांढऱ्या साड्यांत, डोक्यावर पदर, आणि मी आणि शेजारची शोभा शाळेच्या गणवेशात, कारण पांढरं आमच्याकडे तेवढंच होतं. मायच्या पिशवीत मुरमुऱ्यांचा चिवडा. बाबांना लग्नसराईमुळे रविवारीही छापखान्यात जावं लागलं होतं. येऊन मले सांगजो कसा होता, असं ते तिला म्हणून गेले होते.

थेटरच्या दाराशी तिकिटं फाडणाऱ्या माणसाने आमची ती रांग वरपासून खालपर्यंत पाहिली आणि विचारलं, "किसी की मय्यत से आ रहे क्या, अम्मा?" मागचे लोक हसले. माय शांतपणे म्हणाली की लेखकाचा सिनेमा हाये नं भाऊ, म्हणून. तो अजूनच हसला. मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी शोभाला ओढून दोन पावलं मागे राहिले, म्हणजे आम्ही वेगळ्या आलो आहोत असं वाटावं.

आत बाया ताठ बसल्या. बकरी आली तेव्हा थोडं हसल्या, मोजे दिसले तेव्हा एकमेकींकडे पाहिलं. माय हसली नाही, पण तिची तक्रारही नव्हती. ती वाट पाहत होती. बायको पडद्यावर आली तशी ती जरा पुढे सरकली, पुढच्या खुर्चीच्या पाठीवर तिने हात ठेवला. मी तिच्या शेजारीच होते, पलीकडे शोभा. लेखकाने कागद काढले. बायकोने परात ओढली. बढिया है जी, पहिल्यांदा ती म्हणाली तेव्हा मागून कुणीतरी शिट्टी वाजवली. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिचे डोळे मिटले होते. मग ती घोरू लागली, लेखक आपल्याच नादात वाचत राहिला, आणि तिचं तोंड हळूहळू खाली जात जात परातीत टेकलं. सारं थेटर पोट धरून हसत होतं. आमच्या वस्तीतल्या बायांनी आधी मायकडे चोरून पाहिलं आणि मग त्यांनाही राहवेना, पदर तोंडाला लावून त्याही हसल्या. शोभाने मला कोपर मारलं.

मी म्हटलं, "अवं, आमच्या घरी अस्संच चालते." आणि हसले. चांगली खदखदून हसले.

का म्हटलं, याचं उत्तर मी पन्नास वर्षं शोधते आहे अशातला भाग नाही. उत्तर त्याच क्षणी ठाऊक होतं. मला त्या पांढऱ्या रांगेतून उठून बाकीच्या थेटरात जाऊन बसायचं होतं, आणि त्याला एवढंच तिकीट लागत होतं. आणि ते धडधडीत खोटं होतं. माय एकदाही झोपली नव्हती, बढिया तर तिच्या तोंडून कधी निघालंच नाही. सिनेमाने ते खोटं तयार करून, मीठमसाला लावून माझ्या हातात दिलं आणि मी ते गिळून बाहेर ओकले. अशा सिनेमाला निर्मळ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी. गुन्हा माझाच, पण हत्यार त्यांनी पुरवलं.

मायने मान वळवली नाही. खुर्चीच्या पाठीवरचा हात काढून मांडीवर घेतला, एवढंच. मध्यंतरात तिने पिशवीतून चिवडा काढून सगळ्यांना वाटला, मलाही मूठभर दिला. परतीच्या बसमध्ये बाया बकरीचं कौतुक करत होत्या. संध्याकाळी पाय धुता धुता बाबांनी विचारलं, कसा होता. बरा होता, ती म्हणाली. बायको होती काय, त्यांनी विचारलं. होती, ती म्हणाली, आणि लसूण सोलायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी दहावं प्रकरण सुरू केलं. थापण्याचा आवाज शेवटपर्यंत थांबला नाही. बाबा खूश झाले, एकही फुली नाही. मंगळवारी तसंच, बुधवारी तसंच. चौथ्या दिवशी मी न्हाणीच्या दाराशी वेणी घालत होते तेव्हा त्यांनी वाचता वाचता मध्येच एक ओळ घातली. ढगांच्या मांडीवर डोकं ठेवून चंद्र हुंदके देत होता आणि गिरणीचा भोंगा त्याला थोपटत होता. असलं काही बाबा जन्मात लिहिणार नाहीत, मला सुद्धा कळलं. माय थापत राहिली. भाकरी तव्यावर गेली, दुसरा गोळा परातीत आला. बाबांनी कागद खाली ठेवले.

"ऐकून नाई राहिली का तू?"

"ऐकून काय करू," माय म्हणाली, "मले काय समजते."

बाबांना छापखान्यातल्या लोकांनी एव्हाना सिनेमाची गोष्ट सांगितली होती. त्यांनी समजावून पाहिलं. लोकांचं काय, हसतील त्यांचे दात दिसतील, आपण कशाला जिवाला लावून घ्यायचं, असं बरंच काही ते बोलले. मायने भाकरी उलटली, फडक्याने दाबली, फुगू दिली.

"थेटरातल्याईचे दिसले त दिसू द्या," ती म्हणाली. "माह्या पोरीचे दिसले."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. वेणी अर्धी माझ्या हातात होती. ते रागावले नाहीत, आणि रागावले असते तर फार बरं झालं असतं, कारण मग मी रडले असते आणि काहीतरी निपटलं असतं. ते कागद गोळा करून उठले आणि न जेवता छापखान्यात गेले. दुपारी मी मायजवळ गेले. मी मजाकीत म्हटलं वं माय, असं काहीतरी पुटपुटले. मजाकीत म्हणलं म्हणूनच त खरं, ती म्हणाली, आणि मला नळावर पाठवलं. त्यानंतर आम्ही या विषयावर बोललो नाही. ती माझ्याशी फटकून वागली असंही नाही. डब्यात भाकरी असायची, सणासुदीला पाटवडीचा रस्सा व्हायचा, परीक्षेच्या दिवशी तिने माझ्या केसांना तेल लावून दिलं. फक्त बाबा वाचायला बसले की ती घागर घेऊन बाहेर पडायची, घरात पाणी भरलेलं असलं तरी.

मग बाबा मला वाचून दाखवू लागले. त्यांना कुणीतरी ऐकणारं लागायचंच. मी पाटावर समोर बसायचे आणि सगळ्याला छान म्हणायचे. बाराव्या प्रकरणात पुन्हा एका बाईवर आभाळ कोसळलं आणि पुन्हा अश्रूंचा पूर लोटला. मला चुलीवरचं भांडं आठवलं. चूक समोर दिसत होती, आणि मी म्हटलं, छान आहे. जी जागा मी मायपासून काढून घेतली तिथे बसून बाबांना चुकलं म्हणण्याची माझी हिंमत नव्हती. बाबांना माझं छान खोटं आहे हे कळत असणार, पण त्यांनीही कधी फुली मारली नाही. त्या प्रकरणांत चंद्र हुंदके देत नाही एवढंच, बाकी सगळं आहे. कादंबरी निघाल्यावर एका वर्तमानपत्राने लिहिलं की पूर्वार्ध अस्सल आहे पण उत्तरार्धात लेखकाचा दम उखडला. लेखकाचा दम ठीकठाक होता. त्याच्या घरातला कान गेला होता, आणि तो कुणी घालवला हे त्या परीक्षण लिहिणाऱ्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

पुस्तक निघायला पुढे दोन वर्षं लागली. छापखान्याच्या मालकाने सुट्टीच्या दिवशी खिळे आणि यंत्र वापरायची परवानगी दिली, आणि उरल्यासुरल्या कागदावर बाबांनी आपली कादंबरी आपल्याच हातांनी जुळवून छापली. तीनशे प्रती. एका रविवारी दुपारी त्या सायकलरिक्षातून घरी आल्या. मी तोवर कॉलेजात जाऊ लागले होते. मायने ओसरीवर धुतलेली चादर अंथरली, गठ्ठे त्यावर रचून घेतले, हात पदराला पुसले आणि एक प्रत उचलून माझ्याकडे दिली. पहिल्या पानावर काय लिहिलं आहे ते वाच म्हणाली. नाव वाचलं, बाबांचं नाव वाचलं. पुढच्या पानावर मधोमध एकच ओळ होती, ती वाचली. हे सारं जिने ऐकलं, तिला.

मायला अर्थ लगेच कळला. तिचं तोंड क्षणभर उजळलंही, मी पाहिलं. मग तिने बाबांकडे पाहिलं.

"सारं कुठं ऐकलं मी? नऊ परकरनं ऐकली. पुढचं नाई ऐकलं. खोटं काहून छापलं?"

बाबा म्हणाले, छापून झालं, आता काय करता येते. आणि कुणाला कळणार आहे.

"मले मालूम हाये नं," ती म्हणाली. "खोडा ते."

तो शब्द बाबांनीच खिळ्याखिळ्याने जुळवला होता, आणि तो त्यांनी तिला भरपाई म्हणून दिला होता हे मला आज कळतं, तेव्हा कळलं नाही. मग त्यांनी खिशातलं शाईचं पेन काढलं, टोपण उघडलं, आणि ते तिच्याकडे नाही, स्वतःच्या हातात नाही, माझ्यापुढे धरलं. पायात चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले.

आम्ही दोघी चादरीवर बसलो. ती प्रत उघडायची, ते पान काढून माझ्यापुढे धरायची, मी सारं या शब्दावर रेघ मारायची, ती शाई वाळेपर्यंत फुंकर घालून प्रत पलीकडे ठेवायची. पहिल्या दोनचार प्रतींना तिने मला विचारलं, कोणता तो शब्द, दाखव. मी दाखवला. दहाव्या प्रतीपासून तिने विचारायचं सोडलं, पान उघडलं की तिचं बोट आपोआप बरोबर त्या शब्दाखाली येऊन थांबायचं. माझ्या मायला आयुष्यात वाचता आलेला पहिला शब्द तो. तिने तो खोडून घेण्यासाठी शिकून घेतला. किती प्रती झाल्या असतील कोण जाणे, समोरची ओळ मला दिसेनाशी झाली. एक थेंब पानावर पडला, शाई पांगली. मी म्हटलं, माय.

तिने ती प्रत माझ्या हातातून काढून घेतली, पदराच्या टोकाने पान टिपलं आणि बाजूला वाळत ठेवली.

"शाई पसरून राहिली," ती म्हणाली. "पयले डोये पूस."

मी पुसले. तिने पुढचं पुस्तक उघडलं.